जहाज इथेच का थांबतं? काल्पनिक बंदरं वसवणाऱ्यांना खुलं पत्र

कथा-कादंबऱ्यांसाठी, चित्रकथांसाठी आणि गेमसाठी काल्पनिक शहरं रचणाऱ्या सर्व लेखक-चित्रकारांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वसवलेली बंदरं मी आवडीने वाचतो. आधी नकाशा, मग स्थापनेचं वर्ष, राजघराणी, दोन-तीन लढाया, एखादी मोठी आग. त्यानंतर 'अर्थव्यवस्था' या मथळ्याखाली मसाले, कापड, मासळी आणि 'वाहतूक' या मथळ्याखाली जहाजं, रेल्वे, ट्राम. नावं सुंदर असतात. दीपगृहाचं चित्र तर इतकं मन लावून काढलेलं असतं, की तिथे जाऊन उभं राहावंसं वाटतं. पण वाचून संपवलं की दर वेळी एकच प्रश्न मागे राहतो, आणि तो विचारण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. जहाज इथेच का थांबतं?

माझी नोकरी गोदीत झाली. मी टॅली क्लार्क होतो, म्हणजे जहाजातून उतरणारा आणि जहाजात चढणारा माल मोजून त्याची नोंद ठेवणारा. क्रेनच्या दोरात बांधलेली पोत्यांची थप्पी फळक्यावरून, म्हणजे जहाजाच्या मालखान्याच्या तोंडातून, वर यायची, धक्क्यावर टेकायची, हमाल लोखंडी आकडा मारून एकेक पोतं पाठीवर घ्यायचे, आणि मी कागदावर रेघ ओढायचो. चार उभ्या, पाचवी तिरपी. जहाजावरही एक जण अशाच रेघा ओढत असायचा. पाळी संपली की दोघांचे आकडे जुळवायचे. एका पोत्याचा फरक आला तरी अर्धा तास शोधाशोध. पावसाची सर आली की धावपळ करून फळक्यावर ताडपत्री ओढायची, कारण साखरेचं पोतं भिजलं की ते पोतं राहत नाही. हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की शहराची श्रीमंती मी कायम पोत्याच्या मापात पाहिली आहे. म्हणून तुमच्या पानावर 'शहरात धान्याचा मोठा व्यापार चालतो' असं वाचलं की माझी नजर ते धान्य उचलणारा माणूस शोधू लागते. तो बहुतेक वेळा सापडत नाही.

किनाऱ्यावर कुठेही बोट ठेवलं म्हणून तिथे बंदर होत नाही. समुद्राची वाट संपते आणि नदीची, बैलगाडीची किंवा रुळांची वाट सुरू होते, त्या सांध्यावर बंदर उभं राहतं. एका वाहनातून माल काढून दुसऱ्यात घालावा लागतो. दोन्ही वाहनं एकाच वेळी येत नाहीत, म्हणून मधे वखार लागते. वखार आली की पहारेकरी आला, वजनकाटा आला, मालावर पैसे उचल देणारा सावकार आला, विमा उतरवणारा आला आणि जकात घेणारा सरकारी माणूसही आला. आपल्या भाषेत जकातीच्या ठाण्याला 'मांडवी' म्हणत, आणि किनाऱ्यावर आजही त्या नावाच्या जागा आहेत. जकात गेली, नाव राहिलं. तुमच्या शहरातल्या गल्ल्यांना सेनापतींची नावं देण्याआधी अशी चार नावं द्या. ती शहराचा इतिहास आपोआप सांगत राहतील.

आता पाण्याबद्दल. तुमच्या नकाशांत सगळं पाणी एकाच निळ्या रंगाचं असतं. जहाजाच्या कप्तानाला तो रंग काहीच सांगत नाही. पाण्याखाली आपलं जहाज किती मीटर बुडालेलं आहे आणि त्याच्या तळाखाली किती पाणी शिल्लक आहे, हे त्याला कळायला हवं असतं. शिवाय ते पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची, म्हणजे मोठी भरती येते, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे लहान. भरगच्च भरलेलं जहाज उधाणाची वाट पाहत बाहेर नांगर टाकून थांबतं, हलकं जहाज त्याच्या शेजारून आत जातं. अशा शहरात कामाची वेळ घड्याळावर ठरत नाही, चंद्रावर ठरते. मध्यरात्री भरती असेल तर मध्यरात्री शहर जागं असतं. चहावाला जागा असतो, मुकादम जागा असतो, मोजणारा जागा असतो.

लिव्हरपूलला भरती-ओहोटीतला फरक कधी कधी 10 मीटरच्या घरात जातो. ओहोटीला जहाजं चिखलात बसत. म्हणून 1715 साली तिथे दरवाजे असलेली बंदिस्त गोदी बांधली. भरतीला दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचं, मग दरवाजा बंद करून पाणी आतच कोंडून ठेवायचं. व्यापारासाठी बांधलेली अशा प्रकारची जगातली ती पहिली गोदी. उघडा धक्का आणि बंदिस्त गोदी यांतला हा फरक तुमच्या लिखाणात आला, तर वाचकाला दरवाजाची साखळी वाजलेली ऐकू येईल. त्याच गोदीतून गुलामांच्या व्यापाराची जहाजंही निघत होती. ब्रिटनने तो व्यापार 1807 साली कायद्याने बंद केला, पण शहरातल्या कितीतरी भव्य इमारतींमागे तोच पैसा होता. तुमच्या काल्पनिक शहरात संगमरवरी वाडे असतील, तर तो संगमरवर कशाच्या जिवावर आला हेही लिहा. कटू असेल तर कटू लिहा.

आणि गाळ. माझ्या मते बंदराच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पात्र गाळ आहे, आणि नेमका तोच तुमच्या इतिहासांत नसतो. नदी जहाजाला आत यायला वाट देते आणि तीच नदी डोंगरातली माती आणून ती वाट बुजवते. आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहराला 1134 सालच्या वादळाने झ्विन नावाची खाडी उघडून दिली आणि त्यावर ते युरोपातलं मोठं व्यापारी शहर झालं. पुढे झ्विन गाळाने भरत गेली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पकडे सरकू लागला. शत्रूने हल्ला करून हे केलं नाही. वर्षाला बोटभर चिखल, बस्स. आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन इफेससचं बंदर नदीच्या गाळाने असंच भरलं, आज तिथून समुद्र काही किलोमीटर दूर आहे. कोलकाता समुद्रापासून सुमारे 200 किलोमीटर आत, हुगळीच्या काठावर आहे. हुगळीतला गाळ वाहून जावा म्हणून गंगेचं पाणी वळवणारं फराक्का धरण 1975 मध्ये सुरू करावं लागलं. त्या पाण्यावरून भारत आणि बांगलादेश या दोन देशांत वाद झाला. एका बंदराच्या चिखलापायी दोन देशांना वाटाघाटी कराव्या लागल्या, याहून मोठं कथानक कुठे शोधायला जाणार?

गाळाचा आणखी एक परिणाम आहे. जहाजं मोठी होत जातात, नदी उथळ होत जाते, आणि बंदर हळूहळू समुद्राकडे चालायला लागतं. जर्मनीतल्या ब्रेमेन शहराची व्हेझर नदी मोठ्या जहाजांना पुरेना, तेव्हा त्यांनी 1827 साली नदीच्या मुखाशी जमीन विकत घेऊन ब्रेमरहाफेन हे नवं बंदर वसवलं. रॉटरडॅमने 1872 साली समुद्रापर्यंत नवा जलमार्ग खोदला आणि पुढच्या शंभर वर्षांत गोद्या पश्चिमेकडे सरकवत थेट समुद्रात भर घालून जमीन केली. मुंबईच्या जुन्या गोद्यांना जागा अपुरी पडू लागली, तेव्हा खाडीपलीकडे न्हावा-शेवा इथे 1989 साली नवं बंदर सुरू झालं. म्हणजे बंदर पुढे जातं, शहर मागे राहतं. तुमच्या शहराला पाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि पाचही शतकं धक्का राजवाड्यासमोर एकाच जागी आहे, हे मला पटत नाही. जुना धक्का आता बाजारपेठ झालेला असायला हवा. दगडी जिन्याच्या पायऱ्या रस्त्यात उतरून मधेच संपायला हव्यात, कारण पूर्वी त्या पाण्यात उतरत होत्या.

मागचा मुलूख हा विषय तसा भूगोलाच्या पुस्तकातला. तिथे त्याला पृष्ठप्रदेश म्हणतात. पण पैसा तिथूनच येतो. बंदर कितीही खोल असलं आणि मागे उभा डोंगर असला, तर त्या खोलीचा उपयोग काय? मुंबईचं बंदर नैसर्गिकरीत्या उत्तम होतं, तरी मागे सह्याद्रीची भिंत होती. बोरघाटातून रेल्वे वर चढली ती 1863 साली. नेमकं त्याच सुमाराला, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाचा भाव कल्पनेपलीकडे चढला. पैशाचा पूर आला. समुद्रात भर घालण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर लोकांनी घरदार लावलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सावकार-पेढ्या बुडाल्या. मग 1869 साली सुएझ कालवा उघडला आणि तेच शहर पुन्हा वर आलं. या सगळ्यांत शहरातल्या कुणाच्याही हातात काहीच नव्हतं. बंदरातल्या माणसाचं नशीब हजारो मैलांवरच्या लढाईत ठरतं, ही गोष्ट तुमच्या 'अर्थव्यवस्था' या मथळ्याखाली दिसली पाहिजे. नुसतं 'निर्यात: कापूस' लिहून ती दिसत नाही.

आणि वाहतुकीचं भांडण? मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस लिव्हरपूलला उतरायचा. 1830 साली दोन्ही शहरांमध्ये रेल्वे झाली, तरीही बंदराचे दर आणि रेल्वेचं भाडं व्यापाऱ्यांना जड वाटत राहिलं. शेवटी मँचेस्टरने सुमारे 58 किलोमीटर लांबीचा कालवा खणला, तो 1894 साली खुला झाला, आणि समुद्रातली जहाजं लिव्हरपूलला बाजूला ठेवून थेट मँचेस्टरला जाऊ लागली. समुद्र नसलेल्या शहराने केवळ दरावरून स्वतःचं बंदर बनवलं. तुमच्या शहराला असा एखादा शेजारी आहे का?

वाऱ्याबद्दल थोडक्यात. शिडाच्या काळात हिंदी महासागरात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलायचा. आलेल्या जहाजांना परतीचा वारा लागेपर्यंत महिनोन्महिने थांबावं लागे. त्या थांबण्यातून परक्या लोकांचे मोहल्ले झाले, लग्नं झाली, देवळांशेजारी मशिदी आणि सिनेगॉग उभे राहिले, भाषा एकमेकींत मिसळल्या. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचं नावच 'किनारे' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं आहे. तेव्हा तुमच्या शहरात 'अनेक संस्कृतींचा संगम' आहे असं लिहिताना ती माणसं का थांबली होती, तेवढं एक वाक्य जोडा.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. उचलणारे हात.

जगातल्या जवळपास प्रत्येक बंदरात काम रोजंदारीवर होतं. जहाज आलं तर काम, नाही तर नाही. सकाळी फाटकापाशी गर्दी करायची आणि मुकादमाने बोट दाखवलं तर आत जायचं. लंडनच्या गोदी कामगारांनी 1889 साली तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून संप केला आणि तो जिंकला. आपल्या देशात गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा 1948 साली झाला, महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा 1969 साली. माथाडी, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. हा शब्द ज्यांच्या अंगावरून गेला आहे त्यांना त्याचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

मग खोका आला, म्हणजे कंटेनर. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज 58 कंटेनर घेऊन निघालं. माल्कम मॅकलेन या ट्रकवाल्याची ती कल्पना. सुटा माल चढवायला टनामागे 5.86 डॉलर लागत, त्या जहाजावर 16 सेंट लागले. एवढ्या एका फरकाने जगातली बंदरं उलटीपालटी झाली. लंडनच्या जुन्या गोद्या 1960च्या दशकाच्या अखेरीपासून एकेक करून बंद पडल्या आणि 1981 पर्यंत शेवटच्या गोद्याही थांबल्या. काम गेलं नदीच्या मुखाकडे टिलबरीला आणि पलीकडे फेलिक्स्टोला. सॅन फ्रान्सिस्कोचं काम गेलं खाडीपलीकडच्या ओकलंडला. कारण खोक्याला मोकळं मैदान लागतं, आणि जुन्या शहरापाशी मैदान उरलेलं नसतं.

माझ्या टेबलावर तो बदल असा आला. आधी मी पोती मोजायचो. मग खोक्याचा नंबर आणि सीलचा नंबर लिहायला लागलो. आत काय आहे, किती आहे, मला दिसेना. ज्या जहाजावर आठ-आठ दिवस टोळ्या राबायच्या, ते रात्री येऊन सकाळी निघून जाऊ लागलं. खलाशी उतरून शहरात येईनासे झाले. फाटकाबाहेरची खाणावळ आधी रिकामी झाली, मग बंद झाली. ज्यांच्याबरोबर मी आकडे जुळवले त्यातले कितीतरी जण एकाच वर्षात दिसेनासे झाले. मी स्वस्त मालाच्या विरोधात नाही. माझ्या घरातल्या कितीतरी वस्तू त्या खोक्यांतूनच आल्या आहेत. पण तुमच्या आधुनिक बंदराच्या चित्रात उंच क्रेन दिसतात, त्यांच्या सावलीत ती बंद खाणावळही दिसावी, एवढं मनापासून वाटतं.

संकटांबद्दल लिहिताना तुम्ही समुद्री चाच्यांना फार जागा देता. बंदराला खरी भीती साठवलेल्या मालाची असते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. कापसाला आग लागली, ती विझवायला अग्निशमन दलाचे जवान जहाजावर असतानाच स्फोट झाले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आजही देशभर पाळला जातो. बैरूतच्या बंदरात 2,750 टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं गोदामात पडून होतं, ते 4 ऑगस्ट 2020 रोजी फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. दोन्ही ठिकाणी प्रश्न नोंदीचाच होता. कशाशेजारी काय ठेवलं आहे, किती दिवस ठेवलं आहे, आणि त्याची जबाबदारी कुणाची? मोजणाऱ्याच्या कागदाला बंदरात एवढी किंमत असते, आणि तो कागद वाचणारा कुणी असेल तरच.

साथीही जहाजातूनच येतात. आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिकने, म्हणजे तेव्हाच्या रागुसाने, 1377 साली रोगट मुलखातून येणाऱ्यांना 30 दिवस वेगळं ठेवण्याचा नियम केला. पुढे ते 40 दिवस झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीसवरून क्वारंटाइन हा शब्द आला. तुमच्या खाडीच्या तोंडाशी एखादं बेट रिकामं असेल, तर ते कशासाठी होतं हे आता तुमच्या लक्षात येईल.

मी सुद्धा एकदा कागद घेऊन बसलो आणि एक बंदर वसवून पाहिलं. नाव दिलं नाही. नदीच्या मुखापासून थोडं आत, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, कारण तिथे पाण्याची ओढ जास्त असते आणि गाळ कमी बसतो. आधी कोळ्यांची वस्ती. मग मीठ वाहणारे पडाव, म्हणजे होड्या. घाटातून बैलांचे तांडे उतरू लागले तसा दगडी धक्का आणि जकातीचं ठाणं. शंभर वर्षांनी धक्क्यासमोर चिखलाचा उंचवटा दिसायला लागला, आणि मोठी गलबतं बाहेर नांगर टाकून मचव्यांतून माल उतरवू लागली. मचवेवाल्यांचं बस्तान बसलं. नवा धक्का मुखाशी बांधायचं ठरलं तेव्हा त्याच मचवेवाल्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला, कारण जहाज थेट धक्क्याला लागलं तर त्यांना कोण विचारणार? इथपर्यंत आलो आणि लढाई, राजा, राजवाडा यांची गरजच वाटली नाही. भांडण आपसूक तयार झालं होतं, दोन्ही बाजूंना पोट होतं.

म्हणून एक विनंती. पुढचं शहर रचताना नकाशावर आधी तीन गोष्टी टाका: ओहोटीची रेघ, गाळ कुठे साठतो ती जागा, आणि मागच्या डोंगरातली खिंड. मग पायलटची होडी टाका. जहाज आत आणणारा पायलट त्या होडीतून लाटांवर वर-खाली होत मोठ्या जहाजाच्या कुशीला येतो. वरून दोराची शिडी सोडलेली असते. होडी लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी त्याने शिडी धरायची. खाली असताना धरली, तर पुढची लाट होडी वर आणून त्याचे पाय चेंगरते. त्याला तुमच्या शहराची खाडी बोटांवर पाठ असते, कुठे वळायचं, कुठे खडक, कोणत्या भरतीला किती पाणी. तुमचा वाचक शहरात पहिल्यांदा येणार असेल, तर त्याला दीपगृहावरून आणू नका. या माणसाच्या मागे उभं करून आत आणा.

आपला,
गोदीत रेघा ओढलेला एक वाचक